मुलाच्या वहीचं शेवटचं पान: आईचं दुसरं लग्न आणि मधलं नाव

चैत्रपालवी | ६ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार. इथे वाचते बरीच वर्षं, लिहिते क्वचित. आज लिहायला बसले कारण घरात ज्याच्याशी बोलावं त्याचं मत आधीच पक्कं झालेलं आहे. मला मतं नकोत, अनुभव हवेत.

मी नाशिकची. चार वर्षांपूर्वी परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुलगा दहाला टेकलाय, चौथी संपतेय. त्याचे बाबा पुण्यात असतात आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार तो त्यांच्याकडे जातो. सगळं अंतर एकानेच कापायला नको म्हणून आम्ही आळेफाट्याला भेटतो. एका हॉटेलसमोरच्या मोकळ्या जागेत तो एका गाडीतून उतरतो, दप्तर पाठीला लावतो आणि दुसऱ्या गाडीत बसतो. परत येताना चंदनापुरी घाट उतरेपर्यंत एक शब्द बोलत नाही. संगमनेर आलं की एकदम भूक लागते, मग तोंड सुरू होतं. त्या तासाभरात काही विचारायचं नसतं, हे शिकायला मला बरेच दिवस लागले.

येत्या मे महिन्यात मी पुन्हा लग्न करतेय. नोंदणी पद्धतीने, घरातल्या चार माणसांत. त्यांचंही हे दुसरं लग्न, मूल नाही. मुलगा त्यांना दीड वर्ष ओळखतो, 'काका' म्हणतो. दोघांचं कॅरमवर चांगलं जमतं.

पाचवीला शाळा बदलतेय, प्रवेशअर्ज पंधरा दिवसांत द्यायचाय. माझी आई म्हणते, "आत्ताच नाव बदलून टाक, नव्या शाळेत कुणाला काही सांगत बसायला नको." होणाऱ्या सासूबाई प्रेमळ आहेत, पण मागच्या रविवारी त्यांनी त्याला जवळ घेऊन सांगितलं, "आता काका नाही हं, बाबा म्हणायचं." तो हसला. ते हसू मला ओळखीचं आहे. दुसऱ्यांच्या घरी नावडती भाजी गिळताना तो तसाच हसतो.

परवा त्याची गणिताची वही चाळत होते. शेवटच्या पानावर त्याने स्वतःचं नाव तीनदा लिहिलं होतं. पहिल्या ओळीत आज आहे तसं: त्याचं नाव, बाबांचं नाव, बाबांचं आडनाव. दुसऱ्या ओळीत मधलं नाव तेच, आडनाव नवीन. तिसऱ्या ओळीत मधलंही नवीन. ती तिसरी ओळ खोडरबरने इतकी घासली होती की कागद पातळ होऊन मागची शाई दिसत होती. पण वाचता येत होती.

रात्री झोपताना त्याने विचारलं, "आई, आडनाव बदललं तर मधलं पण बदलावंच लागतं का?" मी म्हटलं, बघू. दुसरं काही सुचलंच नाही.

तुमच्यापैकी कुणी स्वतः अशा घरात वाढलं असेल, किंवा मुलं वाढवली असतील, तर सांगा. नाव बदलू का? हाक कोणती मारायला सांगू? आणि सगळ्यात जास्त हे कळायला हवंय, की या सगळ्यात तो स्वतःला काय समजत असेल, आणि मला.


मोगरा७१ | ७ एप्रिल, सकाळी ७:३५

चैत्रपालवी, आधी मनापासून अभिनंदन. दुसऱ्यांदा संसार मांडायला धीर लागतो.

माझं मत तुमच्या आईसारखंच आहे. मुलं लहान आहेत तोवर रुळतात. माझ्या चुलत बहिणीच्या मुलीला तिसऱ्या वर्षी नवे वडील मिळाले, पहिल्या दिवसापासून बाबा म्हणायला लावलं, आज ती इंजिनियर आहे आणि त्यांच्यावर जीव टाकते. सारखं 'तुला काय वाटतं' विचारत बसलं की मुलावरच ओझं पडतं. मोठ्यांनी ठरवावं आणि मुलाला मोकळं करावं.


अर्धविराम | ७ एप्रिल, दुपारी २:०५

मोगराताई, तिसऱ्या वर्षात आणि दहाव्या वर्षात फार फरक आहे. तीन वर्षांच्या मुलीला आधीचा बाप आठवत नाही. दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या बाबांच्या गाडीचा वाससुद्धा माहीत असतो.

मी ते मूल होते. आज चाळिशीला आलेय. आम्ही सांगलीकडचे. आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी सात वर्षांची, आईने पुन्हा लग्न केलं तेव्हा दहा. त्या काळात आमच्या गल्लीत घटस्फोट हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे, 'तिचं मोडलं' म्हणायचे. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माझं नाव बदललं आणि जूनमध्ये नव्या शाळेत हजेरीला नवं नाव पुकारलं गेलं. पहिले चार दिवस मी 'हजर' म्हटलंच नाही. मुद्दाम नाही, ते नाव माझं आहे हे कानाला कळतच नव्हतं. बाईंना वाटलं मुलीला कमी ऐकू येतं.

पण नावाने मला जेवढं दुखलं त्याहून जास्त एका वाक्याने दुखलं. मी डावखुरी आहे. माझे बाबाही डावखुरे होते. आजीच्या घरी मी डाव्या हाताने लिहायला बसले, डाव्या हाताने वाटी उचलली की आजी म्हणायची, "आला बघा बापाचा हात." इतरांच्या घरी मुलगी बापावर गेली की कौतुक होतं. माझ्याकडे तो आरोप होता. बाप वाईट आहे हे रोज ऐकत होते, आणि त्याचा हात माझ्या खांद्याला जोडलेला होता. मी उजव्या हाताने लिहायचा प्रयत्न करायचे, लपून. अक्षर यायचं नाही, मग रडायचे. कुणाला कारण सांगता येत नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

मुलगा स्वतःला काय समजत असेल, असं विचारलंत ना? माझ्यापुरतं उत्तर असं: घरात बापाबद्दल जे बोललं जायचं, ते मी माझ्याबद्दल ऐकत होते.

दुसऱ्या बाजूचंही सांगायलाच हवं. माझे नवे वडील, त्यांना मी पप्पा म्हणते. म्हणायला लावलं म्हणून सुरुवात झाली आणि बरीच वर्षं तो शब्द दातांत अडकायचा. ते मितभाषी. मला कधी शिकवलं नाही, रागावले नाहीत, जवळही घेतलं नाही. पण डावखुऱ्या माणसाचं कोपर पंगतीत शेजारच्याला लागतं हे त्यांनी पहिल्याच लग्नसमारंभात पाहिलं. तेव्हापासून कुठेही जेवायला गेलो की ते आधी जाऊन डावीकडच्या टोकाची जागा धरायचे आणि मला हाक मारायचे, "ये, इथे बस." कारण कधी सांगितलं नाही. मला कॉलेजात गेल्यावर उमगलं. तेव्हा कुठे पप्पा हा शब्द सुटा झाला.

मधे आठ वर्षं गेली. ती लागणारच होती. लवकर म्हणायला लावून एक दिवससुद्धा वाचला नाही.


वाटसरू | ७ एप्रिल, दुपारी ३:२०

अर्धविराम, दोनदा वाचलं. 'बापाचा हात' वाचून थांबलो. आमच्या घरात वहिनी गेल्यापासून पुतण्याला 'आईसारखा हट्टी' म्हणतात सगळे. मीही म्हणतो. आजपासून बंद.


रविवारचा_बाबा | ७ एप्रिल, रात्री १०:४५

मी पलीकडच्या बाजूचा. आळेफाट्याला दुसऱ्या गाडीत बसलेला माणूस समजा.

माझी मुलगी अकरा वर्षांची, ठाण्याला आईकडे असते. आईने तीन वर्षांपूर्वी लग्न केलं. माणूस चांगला आहे, हे आज लिहितोय, तेव्हा लिहू शकलो नसतो. एकदा फोनवर बोलताना मागून कुणीतरी काहीतरी विचारलं आणि ती फोन बाजूला धरून ओरडली, "आले बाबा!" मग परत फोनवर आली. मी विचारलं, कोण बाबा? ती गप्प. मी म्हटलं, तुझा बाबा मी आहे, हे लक्षात ठेव.

आवाज चढवला नव्हता. वाक्यात चुकीचं काही नव्हतं. पण त्या दिवसानंतर ती मला 'ऐक ना' म्हणते. भेटली की 'ऐक ना, आपण कुठे जायचं?' फोन उचलला की थेट बोलायला सुरुवात. वर्षभराने तिच्या आईशी शांतपणे बोलणं झालं तेव्हा कळलं की त्यांनाही ती 'ऐका ना' म्हणू लागलीय. दोघांपैकी कुणालाही दुखवायचं नाही म्हणून आठ वर्षांच्या पोरीने तो शब्दच बोलण्यातून काढून टाकला.

एका शब्दावर मी हक्क सांगितला आणि तो दोघांच्याही हातून गेला. मागच्या वाढदिवसाला तिला सांगितलं की तू त्यांना बाबा म्हणालीस तर मला चालेल, मी कुठे जाणार नाही. तिने मान डोलावली. अजून 'ऐक ना'च आहे. मी घाई करत नाही.

चैत्रपालवी, एक विनंती. मुलाच्या बाबांना लग्नाची बातमी मुलाच्या तोंडून कळू देऊ नका. माझ्या मुलीने ती मला सांगितली, आणि सांगताना माझा चेहरा वाचत होती. निरोप्याचं काम मुलाकडे द्यायचं नसतं.


खडूफळा | ८ एप्रिल, सकाळी ६:१५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मराठवाड्यात, एकवीस वर्षं. शहरातल्या लोकांना वाटतं हे सगळं नवीन आहे. आमच्याकडे काडीमोड आणि पाट पिढ्यान् पिढ्या चालत आलेत. नवऱ्याने सोडलं, फारकत झाली, बाईचा पाट लावला, गावाला त्यात विशेष वाटत नाही. बाईला संसार पुन्हा मिळतो, हे चांगलंच. पण पोराचं काय, हे कुणी विचारत नाही. बऱ्याच वेळा नव्या घरी पोर नको असतं, म्हणून ते आजोळी राहतं. माझ्या वर्गात दरवर्षी अशी दोन-तीन तरी असतात, आजीपाशी वाढणारी.

ही मुलं दंगा करत नाहीत. उलट फार शहाणी असतात. फळा पुसतील, माझी पिशवी उचलतील, सगळ्यात आधी येतील, सगळ्यात शेवटी जातील. पहिली काही वर्षं मला कौतुक वाटायचं. मग एका मुलीने कारण सांगितलं. तिसरीतली. म्हणाली, "बाई, मी लई काम करते, कुणाला जड नाही होत." तिच्या मनाने हिशेब घातला होता की आपण जड होतो म्हणून आईने नेलं नाही.

मूल कारण शोधतंच. मोठ्यांनी सांगितलं नाही तर ते स्वतःलाच कारण करतं. चैत्रपालवी ताई, तुमचा मुलगा तुमच्यासोबत आहे, ही मोठी गोष्ट. तरी त्याला स्पष्ट शब्दांत एकदा सांगा, की बाबा आणि मी वेगळे झालो ते आमच्या दोघांमुळे, तुझ्यामुळे नाही. तुम्हाला वाटेल त्याला माहीतच आहे. नसतं माहीत.

शाळेचं म्हणाल तर एक करा. जून उजाडायच्या आधी वर्गशिक्षकांना भेटून दोन वाक्यांत सांगा. 'माझे कुटुंब' हा धडा घेताना, 'वडिलांची सही आण' म्हणताना, स्नेहसंमेलनाला 'आईबाबा दोघं या' म्हणताना आम्ही सावध राहू शकतो. आम्हाला माहीतच नसतं तर आम्ही भर वर्गात विचारून बसतो. मी विचारून बसलेय, म्हणून सांगते.


कायद्याचं_पान | ८ एप्रिल, रात्री ९:३०

कुटुंब न्यायालयात वकिली करतो. नावाबद्दल लोक घाईत निर्णय घेतात, म्हणून काही गोष्टी मांडतो.

आईचं लग्न झालं म्हणून मुलाचं नाव बदलावं लागत नाही. कुठल्याही कायद्याने नाही. चैत्रपालवी, तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं साधं सरळ उत्तर आहे: नाही. ते त्याला उद्याच सांगा.

पासपोर्टसाठी डिसेंबर २०१६ च्या बदलांपासून आई किंवा वडील, एकाचं नाव दिलं तरी चालतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं. तुमच्या मुलाला हा नियम लागू नाही, पण मुलाची ओळख फक्त मधल्या नावात असते ही कल्पना शासनानेही सैल केलीय, एवढं लक्षात घ्या.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आंध्रातलं एक प्रकरण आलं होतं. पहिला नवरा वारलेला, आईने पुन्हा लग्न केलेलं, मुलाच्या आडनावावरून आजी-आजोबांशी वाद. उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की नव्या नवऱ्याचं नाव कागदोपत्री 'सावत्र वडील' म्हणून लावा. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तसं लिहायला लावणं जवळपास क्रूरपणाचं आहे आणि मुलाच्या मनावर, आत्मसन्मानावर काय परिणाम होईल याचा विचार त्यात नाही, असं न्यायालय म्हणालं. आडनाव ठरवायचा अधिकार आईला दिला, कारण तीच एकटी नैसर्गिक पालक उरली होती. तुमच्याकडे वडील हयात आहेत, भेटतात, नातं राखून आहेत. त्यांना डावलून नाव बदलायला गेलात तर चार वर्षं मिटलेलं भांडण पुन्हा न्यायालयात उभं राहील.

दत्तकाबद्दलही कुणीतरी सुचवेलच. सावत्र वडिलांनी दत्तक घ्यायचं तर जन्मदात्या वडिलांची संमती लागते. आणि दत्तकविधान झालं की त्या घराशी मुलाचं कायद्याचं नातं तुटतं. नात्यात बाप असताना कागदावरून त्याला पुसणं, याचा अर्थ मूल आपल्या वयाप्रमाणे लावतं.

आणखी एक, कारण बायका घाबरून असतात. तुमच्या लग्नाने मुलाच्या खर्चाची वडिलांची जबाबदारी संपत नाही. तुमची स्वतःची पोटगी थांबू शकते, मुलाची नाही. आणि आईने दुसरं लग्न केलं एवढ्याच कारणाने मुलाचा ताबा काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच स्पष्ट केलंय.


मोगरा७१ | ८ एप्रिल, रात्री १०:१०

वकीलसाहेब, मग मुलालाच का विचारत नाहीत? ताब्याच्या वेळी न्यायाधीश विचारतात म्हणे.


कायद्याचं_पान | ८ एप्रिल, रात्री १०:५०

विचारतात. मूल समज असलेलं असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते, हे १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातच आहे. न्यायाधीश आपल्या दालनात बोलावून बोलतात, आईवडील बाहेर. पण इतक्या वर्षांत त्या दारातून बाहेर येणारी मुलं पाहिलीत. बाहेर येताना ती दोघांकडेही बघत नाहीत, जमिनीकडे बघतात. आत काय सांगितलं हे घरी गेल्यावर कुणीतरी विचारणार, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून आता शक्य तिथे मी अशिलांना सांगतो, निवडायची वेळ मुलावर आणू नका.


सांजवात | ९ एप्रिल, दुपारी १२:४०

मुलांचं समुपदेशन करते. इथे अभ्यासांचा विषय निघेलच म्हणून थोडं लिहिते. हे अभ्यास अमेरिकेतले आहेत, आपली घरं वेगळी, हे धरूनच वाचा.

जुडिथ वॉलरस्टीन यांनी १९७१ पासून कॅलिफोर्नियातल्या ६० कुटुंबांतल्या १३१ मुलांचा पंचवीस वर्षं माग ठेवला. त्यांचं म्हणणं असं की घाव मोठेपणी उघडतो, स्वतः लग्न करायची वेळ आली की. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी जवळजवळ १४०० कुटुंबं पाहिली. त्यांना घटस्फोटित घरातल्या साधारण २५ टक्के मुलांत गंभीर अडचणी दिसल्या, न मोडलेल्या घरांत १० टक्के. म्हणजे धोका वाढतो, पण चारातली तीन मुलं उभी राहतात. मी दुसऱ्या अभ्यासाकडे झुकते. पहिल्यातली कुटुंबं थोडी आणि एकाच सुखवस्तू भागातली होती.

पॉल अमॅटो यांच्या कामातली एक गोष्ट मला समुपदेशनाच्या खोलीत बसून रोज पटते. ज्या घरात रोज भांडणं, मारहाण, त्या घरातल्या मुलांना वेगळं होण्याने बरं वाटतं. पण ज्या घरात वरवर सगळं शांत होतं, तिथली मुलं जास्त हादरतात. त्यांना काहीच दिसलेलं नसतं, म्हणून कारण सापडत नाही. खडूफळाबाईंनी नेमकं तेच सांगितलं. परस्पर संमतीने सभ्यपणे वेगळे झालेल्या आईवडिलांना मी हे आवर्जून सांगते, कारण आपण आवाज केला नाही म्हणजे मुलाला लागलं नाही, असं त्यांना वाटतं.

मुलाच्या वयाबद्दल एक. दहा ते चौदा हा नव्या माणसाला घरात घ्यायचा सगळ्यात अवघड काळ. वयात येणं आणि नवं घर एकदम. नव्या वडिलांनी पहिली दोन वर्षं शिस्त लावायच्या भानगडीत पडू नये, ती आईनेच लावावी. त्यांनी कॅरम खेळावा. घडी बसायला दोन वर्षं कमीच पडतात, हे आधीच मनाशी धरून चाला.

अर्धविराम, तुमच्या डाव्या हाताची गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांना सांगू का? नाव न घेता?


अर्धविराम | ९ एप्रिल, दुपारी १:१५

जरूर सांगा. माझी आजी वाईट नव्हती, लेकीचं दुःख तिला सोसत नव्हतं. तेही सांगा.


दुसरी_आई | ९ एप्रिल, रात्री ११:५५

सगळं वडिलांबद्दल चाललंय, म्हणून मी लिहिते. मी सावत्र आई आहे. हा शब्द मी स्वतःहून वापरते, कारण लोक तो मागे वापरतातच.

नवऱ्याच्या घटस्फोटानंतर तीन वर्षांनी आमचं लग्न झालं. मुलगी बारा, मुलगा आठ. मुलगा महिन्याभरात गळ्यात पडला. मुलगी माझ्याशी अतिशय नीट वागायची, ताट उचलायची, थँक्यू म्हणायची, आणि मला काहीच हाक मारायची नाही. मला वाटायचं ती माझा राग करते. एके दिवशी तिला ताप होता, मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते, ती अर्धवट झोपेत होती. म्हणाली, "तू चांगली आहेस ना, त्याचाच त्रास होतो." मी विचारलं, का गं? म्हणाली, "आईला वाटेल मी विसरले."

मी वाईट असते तर तिला सोपं गेलं असतं. मी आवडायला लागले ही तिची अडचण होती, कारण तिच्या हिशेबात मला दिलेलं प्रेम आईच्या वाट्यातून जात होतं.

पुढच्या दिवाळीला मी तिच्या आईसाठी फराळाचा डबा भरला आणि तिच्याच हाती दिला. फोन करून नाही, चिठ्ठी नाही. तिकडून डबा रिकामा आला नाही, त्यात अनारसे होते. आता सात वर्षं तो डबा जातो-येतो. तिच्या आईला मी दोनदाच भेटलेय. मुलगी मला नावाने 'ताई' लावून हाक मारते, आणि मैत्रिणींना सांगताना 'माझ्या घरची आई' म्हणते. मला पुरतं.


जुनीपानं | १० एप्रिल, सकाळी ८:२०

थोडं मागे जाऊन एक आठवण देतो. डॉ. रखमाबाईंचं नाव सगळ्यांना माहीत आहे. अकराव्या वर्षी लावलेल्या लग्नात नांदायला जाणार नाही, असं त्यांनी मुंबईच्या न्यायालयात सांगितलं. १८८७ मध्ये निकाल विरुद्ध गेला, नांदायला जा नाहीतर तुरुंगात, तर त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला काम केलं.

त्यांच्या घराबद्दल मात्र फार बोललं जात नाही. वडील लहानपणीच वारले होते आणि आई जयंतीबाईंनी पुन्हा लग्न केलं होतं. ज्या माणसाच्या घरी त्या वाढल्या, शिकल्या, ज्याने 'तुला जायचं नसेल तर जाऊ नकोस' म्हणून पाठीशी उभं राहायचं धैर्य दाखवलं, ते डॉ. सखाराम अर्जुन त्यांचे सावत्र वडील होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे, वनस्पतींचे अभ्यासक. खटल्याचा निकाल लागायच्या आधीच, १८८५ मध्ये ते गेले.

सख्ख्या मुलीला घरी ठेवून घ्यायला जिथे बाप कचरत होते, त्या काळात एका सावत्र बापाने हे केलं. 'सावत्र' शब्दाला आपल्याकडे गोष्टींनी जो रंग दिलाय, त्यासमोर हे खरं घडलेलं उदाहरण ठेवावंसं वाटलं.


चैत्रपालवी | ५ मे, रात्री १०:२०

महिनाभर उत्तर दिलं नाही त्याबद्दल क्षमा करा. रोज वाचत होते.

अर्ज भरला. नाव आहे तेच ठेवलं. वकीलसाहेबांचं वाचलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला सांगितलं, की नाव बदलावं लागत नाही, आडनावही नाही, मधलंही नाही. मोठा झालास आणि तुलाच कधी वाटलं तर तेव्हा बघू. तो 'बरं' म्हणाला आणि खेळायला गेला. मला वाटलं होतं काहीतरी बोलेल. तीन दिवसांनी वही पाहिली तर ते शेवटचं पान फाडून टाकलेलं होतं.

सासूबाईंशी बोलायला मला आठ दिवस लागले. शेवटी अर्धविरामची पोस्ट त्यांना वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "काका म्हणू दे की. मलाच घाई झाली होती." माझ्या आईला अजून पटलेलं नाही. तिच्यासमोर मी आता एक नियम केलाय, मुलाच्या बाबांचं नाव निघालं तर वाईट शब्द नको. पाळते, तोंड वाकडं करून पाळते.

खडूफळाबाईंनी सांगितलेलं वाक्य सगळ्यात अवघड गेलं. मलाही वाटत होतं की त्याला माहीतच आहे. रात्री दिवा मालवल्यावर सांगितलं, की आम्ही वेगळे झालो ते आमच्या दोघांमुळे. अंधारात थोडा वेळ गेला आणि तो म्हणाला, "म्हणजे मी त्या दिवशी टीव्हीचा रिमोट फोडला म्हणून नाही?" मला कुठला दिवस, कुठला रिमोट, काही आठवेना. त्याला शर्टाचा रंगसुद्धा आठवत होता. सहा वर्षांचा होता तो तेव्हा. चार वर्षं तो रिमोट त्याच्याजवळ होता आणि मला माहीत नव्हतं. रात्रभर झोपले नाही.

रविवारचा_बाबा, तुमचंही ऐकलं. त्याच्या बाबांना मीच फोन केला. ते "चांगलं झालं" म्हणाले, मग बराच वेळ फोनवर नुसता श्वास. शेवटी विचारलं, "शनिवारची वेळ तीच ना?"

काल त्याला आणायला आम्ही दोघंही गेलो. हा त्याचाच प्रश्न होता, आदल्या आठवड्यातला: "काका कधी आळेफाट्याला येणार नाहीत का?" मला पोटात गोळा आला होता. ऊन रणरणत होतं. त्याचे बाबा गाडीला टेकून उभे होते. दोघांनी हात मिळवले आणि घाटाच्या रस्त्याबद्दल बोलू लागले, मग टायरच्या हवेबद्दल. पाच मिनिटं टायरच्या हवेबद्दल बोलत होते. मुलगा दप्तर छातीशी धरून मधे उभा, एकदा याच्या तोंडाकडे बघत होता, एकदा त्याच्या. मग त्याने दप्तर काकांच्या हातात दिलं, बाबांना मिठी मारली आणि गाडीत बसला.

दहा मिनिटांत त्याने विचारलं, "काका, टायरमधे किती हवा असते?" घाट अजून बराच पुढे होता.

लग्न १८ तारखेला आहे. त्या शनिवारी पुण्याला जायची त्याची पाळी येते. त्याला घरी ठेवून घ्यायचं की पाळी चुकवायची नाही, यावर आमच्याकडे वाद चाललाय. मी त्याच्या बाबांनाच विचारणार आहे, तारीख बदलून चालेल का. कुणी असं केलं असेल तर सांगा, दोन दिवसांत फोन करायचाय.


रविवारचा_बाबा | ५ मे, रात्री १०:५५

नक्की विचारा. फक्त लग्नाच्या दिवशी संध्याकाळी पाच मिनिटं मुलाला बाबांशी फोनवर बोलू द्या, एकट्याला, दार लावून. माझी मुलगी त्या दिवशी बोलली नव्हती. मी रात्री बारापर्यंत फोन हातात धरून बसलो होतो.